ब्राझील : संकर झाला, पण कसा?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ब्राझीलवरचा लेख वाचला. फुटबॉल, सांबा वगैरे ठीक. पण तिथे तीन वंश गुण्यागोविंदाने मिसळले आणि म्हणून वंशभेद उरला नाही, हा लेखाचा सूर पटला नाही.

२,७२३ ब्राझीलवासीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०२५ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वारसा सुमारे ५९ टक्के युरोपीय, २७ टक्के आफ्रिकी आणि १३ टक्के मूलनिवासी निघाला. लेखकाने एवढेच पाहिले असावे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघटकातला डीएनए फक्त आईकडून येतो. हे दोन्ही वेगळे काढल्यावर पितृवंश ७१ टक्के युरोपीय दिसतात, तर मातृवंश ४२ टक्के आफ्रिकी आणि ३५ टक्के मूलनिवासी. सुरुवातीला पोर्तुगालहून आले ते बहुतांश पुरुष, आणि गुलामगिरी तर १८८८ पर्यंत कायदेशीर होती. मालक आणि त्याच्या ताब्यातली बाई यांच्या संबंधांना गुण्यागोविंदा म्हणायचे का?

बरे, हा वारसा केवळ सावळ्यांचाच आहे असेही नाही. ब्राझीलचे जनुकशास्त्रज्ञ सर्जिओ पेना यांच्या चमूने २००० च्या सुमारास स्वतःला गोरे म्हणवणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातही साठ टक्क्यांच्या आसपास मातृवंश आफ्रिकी किंवा मूलनिवासीच निघाले. उलट, नेगिन्यो दा बेइजा-फ्लोर हे काळे सांबा गायक. २००७ मधल्या चाचणीत त्यांचा वारसा सुमारे ६७ टक्के युरोपीय ठरला!

२०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद ‘पार्दो’, म्हणजे मिश्रवर्णीय, अशी केली. ती त्यांनी आरशात पाहून आणि घरच्यांना आठवून केली, रक्त तपासून नव्हे. राखीव जागांसाठी विद्यापीठांच्या समित्याही रूपच पाहतात. २००७ मध्ये ब्राझिलिया विद्यापीठाने छायाचित्रे पाहून एकसारख्या जुळ्या भावांपैकी एकाला काळा ठरवले, दुसऱ्याला नाही. आरडाओरडा झाल्यावर निर्णय बदलावा लागला. गोंधळ हास्यास्पद खरा, तरी त्यावर डीएनए चाचणीचा उतारा मला चुकीचा वाटतो. दुकानातला रखवालदार ज्याच्यावर पाळत ठेवतो, त्याचा चेहरा पाहूनच ठेवतो. अहवालातल्या ६७ टक्क्यांचा तिथे काही उपयोग नाही.

आपला,
एक वाचक, सांगली