गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की शहरांतल्या पशुवैद्यांच्या दवाखान्यांत तीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. कुत्रे दोन दिवस जेवलेले नाही, कोपऱ्यात पडून आहे, अंग तापले आहे. रक्त तपासावे तर प्लेटलेट्स लाखाच्या खाली. डॉक्टरांनी 'टिक फीव्हर', म्हणजे गोचिडातून येणारा ताप, असे म्हटले की मालकाचे उत्तर ठरलेले असते : 'पण आम्ही आत्ताच तर गोचिडाचे औषध घातले!' ते खरेच असते. औषध कुत्र्याला घातलेले असते आणि गोचीड राहतात घरात.

आपल्याकडे पाळीव कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड सापडतो. गुरांवरचे बरेचसे गोचीड गवतातून, रानातून येतात. हा मात्र माणसाच्या घरात, पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही, पिढ्यान्‌पिढ्या नांदू शकतो. अंड्यातून बाहेर येते ते मोहरीपेक्षाही बारीक, सहा पायांचे पिल्लू. ते कुत्र्यावर चढते, काही दिवस रक्त पिते आणि गळून पडते. फटीत जाऊन कात टाकते, आठ पायांचे होते, पुन्हा चढते, पुन्हा गळते. मग प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढते. टपोऱ्या वाटाण्यासारखी फुगलेली राखाडी मादी आपल्याला दिसते, ती या शेवटच्या फेरीतली. तीही आठवडाभरात गळते, भिंतीच्या आडोशाला जाते, चार हजारांपर्यंत अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हे सगळे चक्र साधारण दोन महिन्यांत पुरे होते. यातले कुत्र्याच्या अंगावरचे दिवस मोजले तर फार तर तीन-चार आठवडे भरतात. उरलेला सगळा मुक्काम खिडकीच्या चौकटीत, स्कर्टिंगच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत, पडद्याच्या दुमडीत.

शिवाय या गोचिडाला वर चढायची खोड आहे. लोक फरशी पुसतात, कुत्र्याची गादी उन्हात टाकतात आणि तो बसलेला असतो पंख्याच्या वाटीपाशी किंवा दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात. बॅटरी घेऊन छत आणि भिंत जिथे मिळतात ती रेघ एकदा नीट पाहावी. अंड्यांचा तपकिरी, साबुदाण्याहून बारीक दाण्यांचा पुंजका दिसला तर चिकटपट्टीने उचलून साबणाच्या पाण्यात बुडवावा. झाडूने झटकला तर दाणे घरभर होतात.

कुत्र्याच्या अंगावर शोधतानाही पाठीवरून हात फिरवून भागत नाही. कानाच्या पाळीची आतली घडी, पायाच्या बोटांमधल्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीखाली आणि पापण्यांच्या कडा, एवढ्या जागा रोज पाहाव्यात. सापडलेला गोचीड काढायला भुवया कोरायचा टोकदार चिमटा उत्तम. तोंडाजवळ, अगदी कातडीला टेकवून पकडावे आणि पिळ न देता सरळ, सावकाश ओढावे. पोट धरून ओढले तर तोंडाचा भाग आत राहतो. तसा राहिलाच तर उकरत बसू नये. छोटी गाठ येते आणि बहुधा आपोआप बसते. रॉकेल, गरम काडी, खोबरेल तेल हे प्रकार सोडून द्यावेत. डिवचलेला गोचीड पोटातले द्रव जखमेत ओकू शकतो, म्हणजे जंतू आत ढकलायला आपणच हातभार लावतो. काढलेला गोचीड नखाने चिरडू नये, स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. कुत्र्याला तो खाऊही देऊ नये, कारण हिपॅटोझून नावाचा जंतू चाव्यातून जात नाही, गोचीड गिळल्यानेच जातो.

आता औषधांबद्दल. मानेवर टाकायच्या थेंबांचे औषध निम्म्या घरांत केसांवर ओतले जाते. केस दुभंगून कातडी दिसली पाहिजे आणि नळीचे टोक कातडीला टेकले पाहिजे. फिप्रोनिलचे थेंब असतील तर आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नको. ते कातडीच्या तेलातून पसरतात आणि शांपूने तेलच गेले तर पसरायला काही उरत नाही. औषधी पट्टा मानेला लागलेला हवा, त्याखाली दोन बोटे जेमतेम शिरावीत. सैल लोंबणारा पट्टा म्हणजे नुसता दागिना.

अमिट्राझचे द्रावण स्वस्त आणि जुने. साडेबारा टक्क्यांच्या बाटलीतले गोचिडासाठी साधारणतः लिटरभर पाण्यात 2 मिली घेतात, तरी बाटलीवरचे आणि डॉक्टरांचे प्रमाणच धरावे. 'गोचीड फार झालेत' म्हणून झाकणभर ओतणारे कमी नाहीत. मग कुत्रे गुंगते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातली साखर चढते. हे द्रावण लावल्यावर धुवायचे नसते, अंगावरच वाळू द्यायचे असते आणि वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू द्यायचे नसते. लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. लहान पिल्ले, मधुमेही कुत्री आणि मांजरे यांना ते वर्ज्य. मांजरांच्या बाबतीत आणखी एक : कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त औषधे मांजराच्या जिवावर बेतू शकतात. घरात दोन्ही प्राणी असतील तर दुकानदाराला विचारून भागणार नाही.

खायच्या गोळ्यांनी, म्हणजे फ्लुरालानर, अफोक्सोलानर वगैरेंनी, काम बरेच सोपे केले आहे. पहिली सुमारे बारा आठवडे चालते, दुसरी महिनाभर. फ्लुरालानर जेवणासोबतच द्यावी, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. गोळी वजनानुसार असते. मोठ्या कुत्र्याची आणून दोन लहानांत अर्धी-अर्धी वाटणे ही काटकसर महागात पडते. ज्या कुत्र्याला फिट येतात त्याच्यासाठी डॉक्टरांना आधी विचारावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गटातल्या औषधांबद्दल तसा इशारा दिला आहे. या गोळ्यांची एक मर्यादा कोणी फारशी सांगत नाही. गोचीड आधी चावतो, रक्त पितो आणि मग मरतो. टिक फीव्हरला कारण होणारा एर्लिकिया नावाचा जंतू मात्र चाव्यानंतर काही तासांतच रक्तात उतरू शकतो. त्यामुळे गोळी चालू असलेल्या कुत्र्यालाही घर गोचिडांनी भरलेले असेल तर ताप येतो. कंपनीला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

म्हणून घर. ज्या दिवशी कुत्र्याला औषध, त्याच दिवशी घराला. गादी, चादरी, खोळी कढत पाण्यात, साठ अंशांच्या आसपास धुवाव्यात. व्हॅक्यूम क्लीनर फटींतून फिरवून त्याची पिशवी लगेच बांधून बाहेर टाकावी. मग जाणकाराकडून डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाची फवारणी, तीही फरशीपुरती नव्हे. फटी, चौकटी, फर्निचरच्या मागच्या बाजू आणि भिंतींचे वरचे कोपरे धरून. वाळेपर्यंत कुत्री-मांजरे बाहेर, आणि माशांची टाकी हलवावी किंवा पंप बंद करून घट्ट झाकावी. ही औषधे माशांचा जीव घेतात. अंड्यांवर फवारणीचा भरवसा नाही. ती फुटायला तीनेक आठवडे लागतात. एकदा फवारून निश्चिंत झालेल्यांकडे महिन्याभराने नवी फौज उभी राहते ती याच हिशेबाने. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने निदान तीनदा हे करावे लागते. झुरळांसाठी लावतात त्या जेलचा इथे शून्य उपयोग, कारण गोचीड रक्ताशिवाय काही खात नाही. फिनेलने तो मरत नाही, उलट पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला फिनेल बाधते. डांबरगोळ्यांचेही तेच.

ताप आलाच तर माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला, मूत्रपिंडाला झेपत नाहीत आणि प्लेटलेट्स आधीच कमी असताना रक्तस्राव वाढवतात. नाकातून रक्त, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके, कॉफीसारखी लघवी, यातले काही दिसले तर सकाळपर्यंत थांबू नये. कॉफीच्या रंगाची लघवी बहुधा बबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूकडे बोट दाखवते आणि त्याचे औषध वेगळे आहे. तेव्हा 'शेजारच्या लॅब्राडोरला दिलेल्या गोळ्या' आणून चालत नाही. यंत्राने मोजलेल्या प्लेटलेट्स कधी कधी खोट्या कमी येतात, कारण नळीत त्यांच्या गुठळ्या होतात. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगण्यात संकोच नको.

एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन साधारण किलोमागे 10 मिलिग्रॅम रोज, 28 दिवस, असे दिले जाते. तीस किलोच्या कुत्र्याला 300 मिलिग्रॅम झाले. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, कुत्रे जेवू लागते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पाकीट कपाटात जाते. सर्वांत मोठे नुकसान इथे होते. जंतू प्लीहेत दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर उठतो. मग नुसत्या प्लेटलेट्स नाही, सगळ्याच रक्तपेशी घटतात. जर्मन शेफर्डमध्ये हा प्रकार विशेष वाईट असतो. गोळी कोरडी देऊ नये, अन्ननलिकेत अडकून जखम करते. वर दोन घास किंवा पाणी जायलाच हवे. पनीरमध्ये लपवून देण्याची पद्धत मात्र बदलावी. कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते. पोळीत किंवा चिकनच्या तुकड्यात द्यावी, लोहाचे टॉनिक चालू असेल तर दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. डेंगीच्या धर्तीवर पपईच्या पानांचा रस पाजणारेही पुष्कळ. हौस म्हणून पाजायचा तर डॉक्टरांना सांगून, पण गोळीऐवजी नाही.

सोसायट्यांनाही काही सांगायचे आहे. गोचीड दिसले की बैठकीत ठराव होतो तो आवारातली कुत्री हाकलण्याचा. कुत्री गेली तरी वॉचमनच्या केबिनमधले, जिन्याखालचे गोचीड तिथेच राहतात, आणि भुकेले राहतात. मग खाली फिरायला येणाऱ्या प्रत्येक पाळीव कुत्र्यावर ते चढतात. कुत्रे मिळाले नाही तर माणसालाही चावतात. त्यातून माणसाला होणारा टिक टायफस महाराष्ट्राला नवा नाही. (सिंधुदुर्गातल्या माकडतापाचे गोचीड जंगलातले, वेगळ्या जातीचे. त्या बातम्या वाचून घरच्या कुत्र्याला रस्त्यावर सोडू नये.) त्यापेक्षा आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांच्या हाती, डॉक्टरांकडून वजनाचा अंदाज घेऊन, तीन महिन्यांची गोळी द्यावी आणि केबिन, जिना, पार्किंगच्या भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. वार्षिक पेस्ट कंट्रोलच्या करारात झुरळे, उंदीर, वाळवी असतात. गोचीड बहुधा नसतात, ते लिहून घ्यावेत.

आणि भाड्याच्या घरांचा प्रश्न. कुत्रे पाळणारा भाडेकरू गेला की मालक फ्लॅट महिना-दोन महिने बंद ठेवतो आणि 'आता सगळे मेले असतील' म्हणून नव्याला देतो. प्रौढ गोचीड रक्ताच्या थेंबाविना कित्येक महिने, वर्षभरही काढू शकतो. रंगकामाच्या आधी, फटी उघड्या असताना फवारणी करून घ्यावी आणि दोन-दोन आठवड्यांनी आणखी दोनदा. भाडेकरूची अनामत परत करताना फवारणीचा खर्च कोणाचा हे करारात लिहिलेले असेल तर नंतरची भांडणेही टळतील.

आपला विश्वासू,
पशुवैद्यकीय क्षेत्रातील एक वाचक, पुणे