थकवा म्हणजे आळस नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भांडुपच्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते, राहते डोंबिवलीला. नोकरीला एकवीस वर्षं झाली. पत्र लिहायचं कारण म्हणजे गेल्या मंगळवारी माझा दिवस इतका छान गेला की घरी आल्यावर मला रडूच आलं, आणि हे कुणाला तरी सांगायलाच हवं असं वाटलं, कारण माझ्यासारख्या कितीतरी बाया रोज सकाळी लोकलला लटकून कामाला जातात आणि अंगात जीव नाही हे कुणाला बोलत नाहीत.

साधारण दीड वर्ष मी नुसती ओढत होते स्वतःला. सकाळी उठले की आधीच दमलेली. ठाण्याला उतरून स्लो पकडायची तर जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं, केस मूठमूठ गळायचे, सगळ्यांनी पंखा फुल ठेवलेला आणि मला थंडी. वर्गात खुर्ची सोडवत नव्हती. एका डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले वयाचं आहे, चाळिशीनंतर होतं असं. घरी नवरा म्हणाला टेन्शन घेऊ नकोस. मलापण तेच पटलं, वाटलं आपला शिकवण्यातला रसच संपला, आता निवृत्तीपर्यंत असंच रेटायचं.

एक सांगते. शिक्षक थकला की शिकवणं थांबत नाही, तास तर होतातच. थांबते ती तयारी. आरटीईच्या (शिक्षण हक्काच्या) कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत ते तयारीसकट धरलेत, पण तयारी कुणाला दिसत नाही त्यामुळे ती गेलेलीसुद्धा दिसत नाही. पुस्तक उघडायचं, वाचून घ्यायचं, खालचे प्रश्न सोडवून घ्यायचे, झालं. मुलं तक्रार करत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांनी तर कधीच नाही केली, आणि त्याचंच मला आता सगळ्यात वाईट वाटतं.

शेवटी शेजारच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळा सुटल्यावर हाताला धरून लॅबमध्ये नेलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं (बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात) आणि थायरॉईडचा टीएसएच खूप वाढलेला, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं. म्हणजे मी आळशी झाले नव्हते, मी आजारी होते!

मग नव्या डॉक्टरांनी नीट समजावलं. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब, आणि तीपण चहासोबत नाही, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळून काही खाल्लं तर लागतं. हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, मी आपली जेवण झालं की लगेच कपभर चहा, वर्षानुवर्षं. फरक एका दिवसात नाही पडला, दोन महिन्यांनी परत रक्त तपासून डोस बदलला, आणि तिसऱ्या महिन्यात एकदा लक्षात आलं की ठाण्याचा जिना मी न थांबता चढले.

तर मंगळवार. परिसर अभ्यासात मुंबईची सात बेटं होती. आदल्या रात्री जेवणं आवरल्यावर मी पुठ्ठ्याची बेटं कापली, कितीतरी दिवसांनी हातात कात्री घेतली. वर्गात बाकं सरकवली, माझी निळी ओढणी जमिनीवर अंथरली, तो समुद्र. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मुलांनी मैदानातून माती आणून मधल्या फटी भरल्या, भराव म्हणजे काय ते वेगळं शिकवावंच लागलं नाही. माहीमचा रस्ता १८४५ मध्ये झाला तो जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीने स्वतःचे पैसे दिले म्हणून, हे सांगितलं तर मुली एकदम ताठ बसल्या.

आणि मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर तोंड उघडत नव्हता, तो म्हणाला, "बाई, यात भांडुप कुठंय?"

भांडुप त्या सातात नाहीच, ते साष्टी बेटावर. मी मोठा पुठ्ठा आणून वर ठेवला. मग पोरांनी बोरिवली, कुर्ला, मुलुंड, सगळ्यांची मामा-मावशांची घरं त्यावर मांडली. तिथून गाडी गेली पाण्यावर, कारण भांडुपच्याच जलशुद्धीकरण केंद्रातून मुंबईच्या मोठ्या भागाला पाणी जातं. तर तोच मुलगा म्हणाला आमच्या टेकडीवर पाणी पहाटे चारला येतं, आई उठते भरायला. मी फळ्यावर विहार, तुळशी, तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा अशी मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांची नावं लिहिली आणि त्याला वाचायला बोलावलं. अडखळत का होईना, सातही वाचली त्याने. जोडाक्षरासकट! मधली सुट्टी कधी झाली कळलंच नाही.

शाळा सुटल्यावर बसून तीन आठवड्यांच्या तुंबलेल्या वह्या तपासल्या, दोन पालकांना फोन केले, आणि गाडीत उभ्याने बुधवारचा तास डोक्यात मांडला.

आता माझी विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत मुलांची तपासणी होते, फार चांगली गोष्ट आहे. त्याच दिवशी शाळेतल्या बायांचंपण रक्त बघा ना. शिक्षिका, सेविका, खिचडी वाढणाऱ्या ताई, सगळ्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे आमच्या स्टाफरूममध्येच किती असतील विचार करा. आणि वाचणाऱ्या बहिणींनो, महिनोन् महिने दमायला होत असेल तर स्वतःच्या स्वभावाला दोष देण्याआधी एकदा सीबीसी (हिमोग्लोबिन कळतं ती रक्ततपासणी) आणि टीएसएच करून घ्या.

आमच्या शाळेच्या सेविका ताई हल्ली जिन्यात बसतात मध्येच, विचारलं की म्हणतात काही नाही बाई, जरा दम लागला. शनिवारी शाळा सुटली की मी त्यांना त्याच लॅबमध्ये घेऊन जाणार आहे, त्या हो म्हणाल्यात.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, डोंबिवली