स्टोव्ह पेटवण्याआधी

बर्लिंग्टन, व्हरमाँट

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू कौतुकाने सांगितलंस की, झोपताना घर गरम ठेवणाऱ्या लाकडाच्या स्टोव्हची हवा पूर्ण बंद केली की तेवढंच जळण सकाळपर्यंत पुरतं. ऐकल्यापासून मला चैन नाही. तेवढं आधी थांबव, बाकी सगळं नंतर.

हवा कोंडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. धुरातलं जे ज्वाळेत जळून जायला हवं ते तसंच वर चढतं आणि धुराडं आतून थंड असलं, साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली असलं, की तिथेच चिकटून बसतं. हेच क्रिओसोट. साताऱ्याला आजीकडच्या बंबाच्या नळकांड्यात काजळी असायची ती कोरडी, जरा ठोकलं की भसाभस खाली यायची. क्रिओसोट तसं नाही. सुरुवातीला भुसभुशीत असतं, मग खपल्या धरतात आणि शेवटी काळा, चकचकीत, टणक थर होतो. तो ब्रशने निघत नाही आणि पेटला तर धुराड्यात हजार अंशांच्या वर आग भडकते. त्यात तुमचं धुराडं उत्तरेच्या भिंतीबाहेरून गेलंय. तुमच्या मेनमधल्या बँगोरच्या थंडीत ते पटकन गार पडणार, म्हणजे तुम्हाला इतरांहून जास्त जपायला हवं.

तेव्हा आग लहान ठेवा, पण चांगली रसरशीत. रात्री जाड फाटी घाला, ती नीट पेटू द्या, मगच हवा थोडी कमी करा. ज्वाळा दिसत राहिली पाहिजे. सकाळी पुन्हा पेटवावं लागलं तर लागू दे. पेटवून वीस मिनिटं झाली की अंगणात जाऊन वर बघ. धुराड्यातून दाट धूर येत असेल किंवा स्टोव्हची काच रोज काळी होत असेल, तर काहीतरी चुकतंय. पाइपवर चुंबकाने चिकटणारा थर्मामीटर मिळतो, तोही आण.

आता लाकूड. माझ्या मते निम्मी सुरक्षितता लाकडाच्या राशीतच ठरते. विकणारा ‘वाळलेलं आहे’ म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नकोस. ओलावा मोजायचा मीटर स्वस्त असतो. फाटं मधोमध फोड आणि नव्याने उघडलेल्या बाजूवर, रेषांच्या दिशेने, टोकं खुपसून बघ. बाहेरून मोजलंस तर आकडा फसवा येईल. २० टक्क्यांच्या वर असेल तर ते लाकूड यंदाचं नाही, पुढच्या वर्षीचं. ओकला फोडल्यावरही दोन वर्षं लागतात, अॅश आणि बर्च लवकर वाळतात. रास जमिनीला टेकवू नका, खाली आडवी लाकडं टाका. वरून झाका, पण बाजू उघड्या ठेवा, वारं खेळलं पाहिजे. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवुड, औषध मारलेलं लाकूड यातलं काहीही आत जाता कामा नये.

धुराड्याची तपासणी वर्षातून एकदा, हा एनएफपीए या इथल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या २११ क्रमांकाच्या मानकाचाच नियम आहे. घराची मालकी बदलली की आत कॅमेरा सोडून सखोल तपासणी करायची असते, तीही त्यातच आहे. घर घेताना जो इन्स्पेक्टर आला होता त्याने ती केली असेल असं धरून चालू नकोस, अहवाल काढून बघ. धुराडं झाडणाऱ्याला तीन गोष्टी मुद्दाम विचार: आत कितपत थर होता, आतल्या मातीच्या नळ्यांना तडा आहे का, आणि वरच्या टोपीची जाळी तुंबली आहे का. तीन मिलिमीटर थर दिसला तर पुढच्या हंगामाची वाट बघायची नाही.

स्टोव्हच्या दाराच्या कडेने फट बुजवायला बसवलेली दोरी तू स्वतः तपासू शकतेस. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढ. सहज निघाली तर दोरी बदल, कारण तिथून हवा शिरली की आग तुझ्या हातात राहत नाही. स्टोव्हच्या मागे पत्र्यावर भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. पत्रा नसेल तर ३६ इंच धर, आणि निखिलचे ओले बूट त्या अंतरात वाळत घालू नका. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत, बादली घराबाहेर, लाकडी डेकवर नाही. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच, आणि बॅटरीवर चालणारा. १९९८ च्या जानेवारीत बर्फाचं वादळ आलं, तेव्हा मेनमधली कित्येक घरं दोन-दोन आठवडे विजेशिवाय होती. स्टोव्हचा खरा उपयोग अशाच वेळी, आणि नेमका तेव्हाच विजेवरचा अलार्म मुका होतो.

कधी धुराड्यात घरघराट ऐकू आला, पाइप लालबुंद दिसला, तर दार आणि हवा दोन्ही बंद करा, बाहेर पडा, ९११ ला फोन करा. पाणी ओतायचं नाही. आग आपोआप विझली तरी तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

मीटर मी मागवलाय, शनिवारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. आणि घराच्या विमा कंपनीला स्टोव्ह असल्याचं कळवलंय का, ते निखिलला विचारून मला सांग.

तुझी,
आई