‘गठ्ठा मतं’ म्हणून हिणवलेल्या वसाहतीची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी मुंबई महापालिकेची १५ जानेवारी २०२६ ची निवडणूक झाल्यापासून ‘माथाडींची गठ्ठा मतं आता राहिली नाहीत’ हे वाक्य बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्याच्या सुरावरून वाटतं, शहर सुधारल्याचीच ती खूण आहे. मी कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत वाढलो. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडींच्या टोळीत, म्हणजे एकत्र ओझी उचलणाऱ्या गटात होते. तो गठ्ठा कसा बांधला गेला आणि कसा सुटला, हे मी घरात बसून पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या वसाहतीचं मूळ मशीद बंदरात आहे. पाटण, जावळी, कोरेगाव, शिराळा अशा भागांतून मुंबईत आलेली माणसं तिथं पाठीवर गोण्या वाहायची. कामाची शाश्वती नाही, दुखापत झाली तर विचारणारं कोणी नाही. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची युनियन बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी माथाडी बोर्डातून मिळू लागली, मालकाकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवर वेगळी रक्कम घेऊन फंड आणि ग्रॅच्युइटीची सोय झाली. पुढे बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला आला. आधी कांदा-बटाटा, मग धान्य-मसाला, शेवटी १९९६ साली भाजी आणि फळं. बाजारामागोमाग माणसं आली. कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, नेरूळ इथं माथाडींना घरं मिळाली. आमच्या ओळीत सोळा घरं. त्यातली अकरा बाबांच्याच टोळीतली.

ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय आमचं मत कळायचं नाही. ज्याच्याबरोबर दिवसभर गाडी खाली करायची, त्याच्याच भिंतीला आपली भिंत. मजुरी टोळीत वाटून घ्यायची. एकजण आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याचं काम ओढायचं. अशी माणसं मत तेवढं वेगवेगळं कशाला देतील?

१९९५ साली महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा मी पाचवीत होतो. मुकादमकाकांच्या ओट्यावर रात्री सतरंजी पडली. काकांकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. घर नंबर, कर्त्या पुरुषाचं नाव आणि पुढे आकडा. आमच्या घरापुढे ‘३’ लिहिलेला होता, आजोबा, बाबा आणि आई. उमेदवार आला, खाली बसला, चहा घेतला. कोणीही पैशाचं बोललं नाही. काकांनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “एवढी मतं आहेत. पाण्याची लाईन कधी टाकता ते सांगा.” त्या वेळी आमच्या दोन ओळींना मिळून एक नळ होता आणि आया पहाटे चारला हंडे लावायच्या. मतदानाच्या दिवशी बाबा मार्केटातून थेट रांगेत आले. गोणीत रुतवायचा लोखंडी आकडा कमरेला तसाच. पुढच्या उन्हाळ्याआधी लाईन आली. गठ्ठा म्हणतात तो हा होता. पुढच्या कामाचा तो आमचा आगाऊ हिशेब होता.

त्यात खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. वहीत माझ्या आईचं नाव नव्हतं, ती फक्त त्या ‘३’ मध्ये होती. मत कोणाला द्यायचं हे तिला कधी कोणी विचारलं नाही, ओट्यावर तर बायका चहा द्यायलाच यायच्या. कॉलेजला जाणाऱ्या पोरांनी वेगळं बोललं की ‘तुला काय कळतंय’ म्हणून गप्प केलं जायचं. आणि गावाकडे अन् इथं, दोन्ही मतदार याद्यांत नाव असणं ही तर उघड गोष्ट होती. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि आमचं २४ ला. शरद पवारांनी माथाडींच्या मेळाव्यात शाई पुसून दोन्हीकडे मत देण्याचं बोलून दाखवलं. पुढे गमतीत बोललो असा खुलासा त्यांनी केला, निवडणूक आयोगाची नोटीसही गेली. दोनदा मत देणं चूकच. पण त्या एका भाषणानं सगळी वसाहत दुबार ठरली, याचं वाईट वाटतं. गावाला शेत, म्हातारी आई आणि देवाची यात्रा, इथं पोट. माणसाचा जीव दोन्हीकडे अडकलेला असतो, हे समजून घ्यायला कोणी आलं नाही.

मग हे सगळं सुटलं कशानं? पुढाऱ्यांनी पक्ष बदलले म्हणून, असं सगळे सांगतात. तेही खरंच आहे. नरेंद्र पाटील २०१९ ला शिवसेनेकडून साताऱ्याची लोकसभा लढले, शशिकांत शिंदे २०२४ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. दोघंही माथाडींचेच नेते, दोघंही उदयनराजेंसमोर हरले. त्याच २०१९ साली नवी मुंबईचे नेते गणेश नाईक राष्ट्रवादी सोडून भाजपत गेले आणि नगरसेवकांची रांगच्या रांग मागोमाग गेली. आम्ही घड्याळाला दिलेलं मत आम्हाला न विचारता कमळाकडे गेलं.

पण मला विचाराल तर गठ्ठा त्याआधीच ढिला झाला होता, आणि तो टोळीत झाला. २०१६ ला फळं-भाजी नियमनमुक्त झाली, म्हणजे बाजार समितीतच विकायचं बंधन गेलं, माल मार्केटाबाहेरही जाऊ लागला, गाड्या कमी झाल्या. बाबांच्या जागी मी लागायचं असं घरात धरून चालले होते. मी लागलो नाही, अकाउंट्सची नोकरी धरली. शेजारच्या दोन्ही पोरांनीही तेच केलं. घरांवर मजले चढले, वर भाडेकरू आले, काहींनी घर विकून उलव्याला, तळोज्याला फ्लॅट घेतले. आज आमच्या ओळीत टोळीतली चार घरं उरली आहेत. नवीन आलेले लोक चांगले आहेत, पण एकमेकांचं नाव माहीत नसताना एकत्र मत कसं ठरणार?

त्यातच मे २०२० ला पालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेपाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हता. मुकादमकाका त्या काळात गेले, बाबाही गेले. आणि निवडणूक आली ती पॅनल पद्धतीनं. २०१५ ला शहरात १११ प्रभाग होते आणि प्रत्येकाला एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेतली ११ लाख २० हजार लोकसंख्या धरली तर एका प्रभागात साधारण दहा हजार माणसं. तेवढ्यात आमची वसाहत डोळ्यांत भरत होती. आता प्रभाग २८ आणि एक सोडला तर सगळीकडे चार-चार नगरसेवक. त्याच लोकसंख्येच्या हिशेबानं एका प्रभागात चाळीस हजार माणसं. त्यात आमच्या ओट्यावर येऊन बसायची गरज कोणाला उरली? यंदा एकही उमेदवार ओट्यावर आला नाही. स्पीकर लावलेली रिक्षा मात्र दिवसातून सहा वेळा गेली.

मतदानाला जाताना आईनं दारात चप्पल घालता घालता विचारलं, “कुणाला द्यायचं?” मी म्हटलं, तुला वाटेल त्याला दे. तिला चार मतं द्यायची होती. आत बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर कोणाला दिलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला त्याचा मनापासून आनंद झाला. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “चौघं निवडून आल्यावर लाईन फुटली की कोणाकडं जायचं?”

माझी मागणी सरळ आहे. एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत परत आणावी आणि प्रभागाच्या सीमा आखताना वसाहती मधोमध कापू नयेत.

मुकादमकाकांची लाल वही त्यांच्या सुनेनं जपून ठेवली होती. मागच्या रविवारी आम्ही ती ओट्यावर काढली आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर नव्यानं नावं लिहायला घेतली. तेरा जण आले, त्यात सात बायका. प्रत्येकीनं आपलं नाव आपल्या हातानं लिहिलं, भाडेकरूंनीही लिहिलं. पहिलं काम नोंदवलं ते कोपऱ्यावरच्या फुटलेल्या गटाराच्या झाकणाचं. ती वही घेऊन आम्ही चारही नगरसेवकांकडे जाणार आहोत.

आपला,
एका माथाडी कामगाराचा मुलगा
कोपरखैरणे, नवी मुंबई