लेह-केदारनाथला निघण्यापूर्वी हिरड्यांचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चारधाम, अमरनाथ आणि लडाखच्या प्रवासाला ठाण्यातून जाणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेली मंडळी मोठ्या संख्येने असतात. नौपाड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटासाठी अशा सहलींची नोंदणी मी पाहतो. सहल कंपन्यांच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांची चौकशी असते. हिरड्यांविषयी एकही प्रश्न मला आजवर आढळलेला नाही. तो असायला हवा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

ज्याला आपण पायरिया म्हणतो त्या आजारात दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत कीटण व जंतू साठतात, आतले नाजूक अस्तर सोलवटते आणि घास चावताना किंवा ब्रश करतानासुद्धा जंतू व त्यांच्या आवरणातील विषारी द्रव्ये रक्तात उतरतात. आजार बळावलेल्या तोंडातील अशा सुजलेल्या अस्तराचे क्षेत्रफळ एकूण ८ ते २० चौरस सेंटीमीटर असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढी जखम तळहातावर असती तर कोणीही दवाखाना गाठला असता. या जंतूंशी झुंजताना शरीर इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने सोडते आणि त्यांचे संकेत मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींनाही चेतवू शकतात. पायरियातील प्रमुख जंतू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस याची विकरे (एन्झाइम) अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत सापडल्याचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मात्र ही विकरे रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत स्मृतिऱ्हास मंदावण्याचे उद्दिष्ट साध्य झाले नाही, हे २०२१ मध्ये स्पष्ट झाले, हेही सांगितले पाहिजे.

आता उंचीकडे वळू. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आहे, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. तेथे हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासातला प्राणवायू, समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. लेहजवळच्या, त्याहून बऱ्याच उंच खारदुंगला खिंडीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. खाडीकाठच्या ठाण्यातून विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याच्या शरीराला या बदलाची तयारी करायला वेळच मिळत नाही. अशा उंचीवर निरोगी माणसांच्या रक्तातही इंटरल्यूकिन-६ वाढलेले आढळते, आणि प्राणवायू फार कमी पडला तर रक्त व मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा पाझरू लागतो. मेंदूला सूज येण्याचा जीवघेणा प्रकार यातूनच उद्भवतो.

म्हणजे एकीकडे रक्तात आधीच दाह आणि दुसरीकडे त्याला अडवणारा पडदा कमकुवत, अशी ही गाठ आहे. कमी दाबाच्या वातावरणात ठेवलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत हिरड्यांचा आजार अधिक तीव्र झालेला दिसला आहे. त्यावरून माणसाच्या मेंदूविषयी छातीठोक विधान करता येत नाही. पण पायरियावर उपचार करणे मुळातच गरजेचे असल्याने त्या पुराव्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. एक धोका मात्र मला येथे दिसतो, तो म्हणजे उंचीमुळे दिसणारी लक्षणे हिरड्यांच्या खात्यावर टाकली जाण्याचा. डोंगरावर कोणाचा तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर दात-हिरड्यांचा विचार बाजूला ठेवून त्या व्यक्तीला ताबडतोब प्राणवायू देऊन खाली उतरवले पाहिजे.

हिरड्यांतून रक्त येणे, सतत दुर्गंधी, दात हलणे ही लक्षणे आपल्याकडे ‘वयोमानाने होतेच’ म्हणून सोडून दिली जातात. मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्यांमध्ये ती विशेष दिसतात, आणि मधुमेह असेल तर आजार आणखी झपाट्याने वाढतो. कीटण काढून घेतल्यावर हिरड्या भरून यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात दंतवैद्याकडे जाऊन फारसे साधत नाही. म्हणून सहल कंपन्यांनी नोंदणीच्या वेळीच हा प्रश्न विचारावा, आणि नेरूळमध्ये असलेल्या दंत महाविद्यालयांनी ठाणे व नवी मुंबईतील ज्येष्ठ नागरिक संघांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासणी शिबिरे घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. जागा, खुर्च्या आणि नावनोंदणी यांची व्यवस्था आमचा गट आनंदाने करील.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे