वावरावरची फेरी रद्द करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

लेकीला शिरपूरला विमान शिकायला प्रवेश मिळाला, सहकारनगरच्या आपल्या सोसायटीत पेढे वाटून झाले, आणि माहेरून लगेच फर्माईश आली. "भाची विमान चालवणार अन् मामाच्या वावरावरून एक फेरी नाही?" सगळ्यांनी गच्चीवर उभं राहून रुमाल हलवायचे, हेही ठरलं. भाऊ लग्नासाठी पुण्यात आला तेव्हा हा बेत तुमच्या, म्हणजे हवाई दलात विमान शिकवलेल्या माणसाच्या कानावर गेला, आणि तुम्ही तो हसण्यावारी नेला नाहीत. त्यासाठी हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण पोरं विमान शिकताहेत अशी घरं आता पुष्कळ आहेत आणि असा एखादा मामा प्रत्येक घरात असतोच.

सिंहगड रस्त्याने मंगल कार्यालयाकडे जाताना तुम्ही भावाला खिडकीबाहेर हात काढायला लावलात. (वाहतूक पोलीस नव्हता हे नशीब.) तळवा पुढून जरासा उचलला की हात वर जातो, फार उचलला की नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही तेच. वाऱ्याशी साधारण 15-16 अंशांहून जास्त कोन झाला की हवा पंखाला धरून वाहत नाही, उचल एकदम घटते. हा स्टॉल. इंजिन तेव्हा ठणठणीत चालू असतं. इंजिन बंद पडल्याशिवाय विमान पडत नाही, अशी भावाची समजूत होती. हडपसरची ग्लायडर इंजिनाशिवायच उडतात, म्हणजे उचल पंखांची, इंजिनाची नव्हे, एवढं सांगून तुम्ही ती मोडलीत.

मग फेरीचा हिशोब. सेसना 172 हे शिकायचं छोटं विमान फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) न उतरवता सरळ उडत असेल तर साधारण 48 नॉटला, म्हणजे तासाला 89 किलोमीटरच्या आसपास, स्टॉल होतं. उंची न सोडता 45 अंश कलून वळलं तर तोच आकडा 57 वर जातो, 60 अंशांना 68 वर. आणि आजी दिसावी म्हणून वळण आवळायचं, तर नजर वेगाच्या काट्यावर थोडीच राहणार? वारा पाठीमागून असेल तर जमीन भराभरा सरकते, वेग भरपूर आहे असं वाटतं. नाक वर ओढलं जातं, वळण पुरेना म्हणून पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबला जातो, आतल्या बाजूचा पंख आधी उचल सोडतो आणि विमान गिरक्या घेऊ लागतं. एका गिरकीतून सावरेपर्यंत या विमानाचे साधारण 1,000 फूट जातात. मोकळ्या रानावर नियमच 500 फुटांपर्यंत खाली येऊ देतो. रुमाल दिसायचे तर त्याहूनही खाली यावं लागणार.

स्टॉलमधून सुटायला नाक खाली दाबावं लागतं. जमीन समोर चढून येत असताना! हे तुम्ही सांगितलंत तेव्हा गाडीत कुणी काही बोललं नाही. उंचावर सराव कितीही झालेला असो, झाडं दिसायला लागली की हात नाक वरच ओढतो, असं तुम्ही म्हणालात. मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा हेच जास्त पटलं.

आणि लेकीला तुम्ही एका शब्दाने उपदेश केला नाहीत. तिला हे वर्गात शिकवतातच. पण विशीतल्या पोरीने आजीला नाही कसं म्हणायचं? ती वेळच तिच्यावर येऊ नये म्हणून तुम्ही मागणाऱ्यालाच गाठलंत. हवाई दलात इतकी वर्षं शिकवल्यावर येणारी ही हुशारी असावी.

भावाने घरी जाऊन बेत मोडला. आई आठवडाभर रुसली होती, तेवढं चालायचंच.

दिवाळीत लेक येतेय. फराळाचा डबा तिच्याच हाती पाठवते. तिला तासभर तरी बसवून घ्या. गिरकीत रडर कोणत्या बाजूला दाबायचा यावर ती मला फोनवर समजावत असते आणि मी नुसती हं हं करते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी