फेब्रुवारी एकदाचा सरू दे!

महोदय,

अवघ्या अठ्ठावीस दिवसांचा महिना, पण सरता सरत नाही. थंडी गेलेली, हापूस अजून आवाक्याबाहेर, घरोघरी दहावी-बारावीचा ताण आणि त्यावर दिनांची रांग. १९ला शिवजयंती (तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला वेगळी, म्हणजे डीजेही पुन्हा), २१ला मातृभाषा दिन, २८ला विज्ञान दिन.

माझा खरा राग मात्र २७ तारखेवर. कुसुमाग्रज १९१२ साली या दिवशी जन्मले, त्यांचा यात काय दोष? पण पहाटेपासून मोबाइलवर ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ आदळू लागतात. अहो, राजभाषा दिन १ मेला! हा मराठी भाषा गौरव दिन. दरवर्षी मी उत्तर पाठवतो, दरवर्षी समोरून हात जोडल्याचे चित्र येते.

गेल्या वर्षी एका कार्यालयातल्या सोहळ्याला गेलो. फलकावर ‘कुसूमाग्रज’. निवेदिका म्हणाली, “नेक्स्ट आपण गेस्टना इन्व्हाइट करू या.” तसबिरीला हार, समोसा, चहा, पांगापांग. जाता जाता खिडकीवर मराठी अर्ज मागितला, तर उत्तर मिळाले, “काका, इंग्लिशमधलाच आहे.” समोसा मात्र बरा होता.

आधी जानेवारीत भाषा संवर्धन पंधरवडा झालेलाच असतो. आता अभिजात दर्जामुळे ३ ऑक्टोबरही आला.

आणि २०२८चा फेब्रुवारी तर एकोणतीस दिवसांचा आहे.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक